खाडा तिचा, जबाबदारी कुणाची?



हंगाम तोंडावर आला की आपली पहिली चौकशी टोळीची. टोळी कधी येणार, कोयते किती, आपल्या प्लॉटचा नंबर कधी? कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीची, हिशेब जोडीचा, नाव मात्र बहुधा नवऱ्याचे. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते. पण कागदावर ती कुठेच नाही.

आता ती आजारी पडली तर? जोडीतला एक जरी बसला तरी तो खाडा. दिवसाला ५०० रुपयांपर्यंत खाडा उचलीत धरला जातो, हे २०१९ साली बीडकडच्या बायकांनी उघड सांगितले. त्याच साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यात १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. याला कारणे अनेक असतील, पण दुखण्याला सुटी नाही हे त्यातले एक आहे. ते आपल्या फडातलेच आहे.

आपली लेक शाळेत शिक्षिका असली तर तिला बाळंतपणाची १८० दिवसांची भरपगारी रजा मिळते. आपण पेढे वाटतो. १९६१ च्या कायद्याने आलेली १२ आठवड्यांची रजा २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. अट काय, तर वर्षात ८० दिवस काम. आपला हंगाम बहुधा त्याहून लांब चालतो. पण तोडणाऱ्या बाईने रजा मागायची कुणाकडे? मुकादम कारखान्याकडे बोट दाखवतो, कारखाना वाहतूक ठेकेदाराकडे. आणि आपण म्हणतो, आमचा काय संबंध?

संबंध आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच बिलातून जातो. तेव्हा हिशेब मांडूच. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीदर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. कोयता दिवसाला दोन टन तोडतो असे धरू; बाईच्या वाट्याला एक टन. महिन्याला तीन दिवस भरपगारी सुटी दिली, तर चार महिन्यांत बारा दिवस, म्हणजे सुमारे ४,४०० रुपये. तेवढ्या दिवसांत एका कोयत्याचा ऊस सव्वादोनशे टनांवर जातो. टनामागे पडले वीस रुपयांच्या आत. २०२५-२६ ची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. त्यातले वीस रुपये आपल्याला जड आहेत काय?

कुणी म्हणेल, टोळ्या उचल घेऊन पळतात, खुशालीच्या नावाने आम्हालाच लुबाडतात. खोटे नाही, आपल्यातल्या अनेकांनी ते सोसले आहे. पण पळणाऱ्या मुकादमाचा राग पोटुशी बाईवर काढायचा, हा कुठला न्याय? आणि बसायची सोय असलेली टोळी पुढच्या साली आपल्याकडेच येईल, हेही ध्यानात घ्या.

म्हणून वार्षिक सभेत आपण तीन गोष्टी मागू या. एक, शेतकी खात्याच्या यादीत बाईचे नाव वेगळे यावे आणि तिचे पैसे तिच्या खात्यात जावेत. दोन, आजारपण, पाळी आणि बाळंतपण यांचा खाडा धरायचा नाही, हे वाहतूक करारात लिहून घ्यावे. तीन, सुटीच्या मजुरीसाठी टनामागे वीस रुपयांचा निधी ठेवावा. निम्मा कारखान्याने द्यावा, निम्मा आपण. सुरुवात महिन्याच्या तीन दिवसांनी होऊ द्या, बाळंतपणाची रजा त्यापुढची पायरी.

गव्हाणीत पडणारे प्रत्येक कांडे आधी तिच्या हातातून जाते. सहकार म्हणताना तो हात वगळून कसे चालेल? सभेला या, आणि हात वर करा.