राग ऑफिसात गिळायचा आणि घरी ओकायचा?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. पुण्यात आम्ही भाड्याचं घर शोधत होतो. एका घरमालकाशी फोनवर भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं. त्यांनी आधार कार्डाचा फोटो मागितला, मी पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं, ‘फ्लॅट कालच गेला.’ दुपारी क्लायंटच्या कॉलवर दुसऱ्याच टीमची चूक माझ्या नावावर खपवली गेली. मी शांतपणे ‘नोटेड’ म्हणालो. संध्याकाळी हिंजवडीतून बाहेर पडायलाच सव्वा तास लागला. घरी आलो तर सात वर्षांच्या मुलाच्या हातून माझ्या लॅपटॉपच्या बॅगेवर पाणी सांडलं.

मी हातातला रिमोट भिंतीवर फेकला आणि असा ओरडलो की मुलगा आईच्या मागे जाऊन उभा राहिला. बायको काही बोलली नाही. तिने फक्त रिमोटचे सेल उचलले.

दुसऱ्या दिवशी शाळेत सोडताना मुलाने विचारलं, ‘अब्बू, तुम्ही ऑफिसमध्येपण असंच ओरडता?’

मी ‘नाही’ म्हणालो, आणि तिथेच अडकलो. कारण ते खरं होतं. बारा वर्षांच्या नोकरीत मी ऑफिसात एकदाही ओरडलेलो नाही. घरमालकावर नाही, मॅनेजरवर नाही, ट्रॅफिक पोलिसावरही नाही. ‘माझा रागावर ताबा राहत नाही’ असं मी स्वतःला सांगत होतो. प्रत्यक्षात माझा ताबा दिवसभर उत्तम राहत होता. तो सुटत होता फक्त अशा माणसासमोर, जो मला उलटून काही करू शकत नव्हता.

मित्रांनो, हा लेख माझ्या कबुलीपुरता नाही. माझ्या वयाच्या अनेक मुस्लिम तरुणांशी बोलल्यावर मला हाच नमुना दिसतो. बाहेर आपण फार सांभाळून वागतो. दुसऱ्या कुणी आवाज चढवला तर लोक म्हणतात ‘आज वैतागलाय’, आपण चढवला तर ‘हे असेच असतात’ असं ऐकावं लागेल, ही भीती मनात बसलेली असते. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काही फॉरवर्ड आलं की आपण वाचतो आणि गप्प बसतो. मुलाखतीत, बँकेत, रिक्षात आपण जरा जास्तच गोड बोलतो. या सगळ्याचा हिशोब कुठेतरी साठतो आणि त्याचं बिल घरच्यांना भरावं लागतं.

अशा वेळी सल्ला मिळतो तो दोन प्रकारचा. एक, ‘राग बाहेर काढून टाक, मोकळा होशील.’ दुसरा, ‘सब्र कर, विसरून जा.’ माझं मत असं आहे की, ज्या अर्थाने हे दोन्ही सल्ले दिले जातात, त्या अर्थाने दोन्ही चुकीचे आहेत.

आधी पहिला घेऊ. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात कुकरचं चित्र असतं. वाफ साठली, शिट्टी झाली, कुकर शांत झाला. म्हणून कुणी रात्री बायपासवर बाइक ताणतो, कुणी उशीवर गुद्दे मारतो, कुणी कमेंटमध्ये अनोळखी माणसाशी दोन तास भांडतो. पण माणूस म्हणजे कुकर नाही. ब्रॅड बुशमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००२ साली ६०० विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना आधी त्यांच्या लेखनावर अपमानकारक शेरा देऊन चिडवलं. मग काहींना शेरा देणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले, काहींना व्यायाम म्हणून मारायला लावले, आणि काहींना नुसतं बसवून ठेवलं. ज्यांनी त्या माणसाला आठवत ठोसे मारले, ते सर्वांत जास्त चिडलेले आणि आक्रमक निघाले. काहीच न करता बसलेले सर्वांत शांत निघाले. २०२४ मध्ये बुशमन आणि सोफी क्यारविक यांनी १५४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यातही हेच दिसलं. शरीर शांत करणाऱ्या गोष्टी, म्हणजे सावकाश श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणं, यांनी राग उतरतो. नुसतं जोरजोरात धावण्याने उलट वाढू शकतो. व्यायाम तब्येतीला चांगला आहेच, पण तो रागाचं औषध आहे असं धरून चालू नका. मित्रांबरोबरचा चेंडूचा खेळ मात्र फायद्याचा दिसतो, कारण त्यात मजा आणि सोबत असते.

कारण सोपं आहे. ओरडताना, फेकताना, ठोकताना मेंदू रागाचा सरावच करत असतो. ज्याचा सराव होतो ते पक्कं होतं.

आता दुसरा सल्ला. सब्र. हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. मुलगी सासरचं काही सांगू लागली की सब्र. मुलाची नोकरी गेली की सब्र. कुणी रडायला लागलं की ‘मर्द होऊन रडतोस?’ आणि वर पुन्हा सब्र. म्हणजे काही वाटूच देऊ नकोस, वाटलंच तर दाखवू नकोस. पण पैगंबर (स.) आपला लहानगा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा सर्वांसमोर रडले होते. ज्यांच्याकडून आपण सब्र शिकलो, त्यांचे अश्रू हदीसमध्ये नोंदलेले आहेत. रागाबद्दलची शिकवणही नीट पाहा. कुस्तीत दुसऱ्याला पाडणारा बलवान नव्हे, रागात स्वतःला आवरणारा बलवान, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्याच्यासोबत अगदी साध्या कृतीही सांगितल्या आहेत. उभे असाल तर बसा, तरी शमला नाही तर आडवे व्हा, गप्प राहा, वुझू करा. यात राग नाकारलेला नाही. राग येणार हे गृहीत धरून शरीराला शांत करण्याची सोय केली आहे. आवरणं आणि दाबणं यात फरक आहे. आवरलेल्या रागाचं आपण नंतर काहीतरी करतो. दाबलेला राग आपलं काहीतरी करतो.

आपल्याच परंपरेत याचा शास्त्रीय विचारही झाला आहे, हे मला फार उशिरा कळलं. नवव्या शतकात बल्ख इथे, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानात, अबू झैद अल-बल्खी नावाचे विद्वान होऊन गेले. त्यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. मनाच्या भागात राग, भीती, दुःख आणि पुन्हा पुन्हा छळणारे विचार यांची वेगवेगळी चर्चा आहे. त्यांचा एक मुद्दा मला इंजिनिअर म्हणून लगेच पटला. माणूस जशी औषधं आजारी पडण्याआधी घरात आणून ठेवतो, तसे मनाला सावरणारे विचार शांत असताना तयार करून ठेवावेत. म्हणजे सर्व्हर पडल्यावर बॅकअपचा विचार करायचा नसतो.

मी काय केलं ते सांगतो.

माझे अब्बा इचलकरंजीत यंत्रमागावर काम करायचे. धोट्यातला बाणा तुटला की माग थांबतो, तशी त्यात सोयच असते. मजुरी कापडावर मिळते, त्यामुळे थांबलेला माग म्हणजे बुडालेला पैसा. तरी तुटलेल्या बाण्यावर कुणी माग रेटत नाही, कारण ते कापड खराब निघतं. कामगार थांबतो, कांडी बदलतो, मग पुन्हा माग चालू करतो. मी ठरवलं की घरात शिरण्याआधी मीही थांबायचं. आता पार्किंगमध्ये गाडी बंद करून दहा मिनिटं बसतो. फोन खिशात. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा, एवढंच. मगरिबची वेळ असेल तर आधी वाटेतल्या मशिदीत जातो. बायकोला सांगून ठेवलंय की हा उशीर घरासाठीच आहे.

दुसरं, लिहिणं. जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना चार दिवस रोज १५ मिनिटं आपल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवाबद्दल लिहायला लावलं. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. मी वहीत लिहितो, मोबाइलवर नाही, कारण मोबाइलवर लिहिलेलं चुकून पोस्ट होतं. शुद्धलेखन बघत नाही. मराठी, दखनी, जे येईल ते.

तिसरं, मी समुपदेशकाकडे गेलो. पाच वेळा. हे लिहायला अजूनही जड जातंय, म्हणून मुद्दाम लिहितोय. तिथे मला अल्बर्ट एलिस यांची १९५०च्या दशकात मांडलेली पद्धत शिकवली गेली. महाराष्ट्रात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यासारख्यांनी ती विवेकनिष्ठ विचारपद्धती म्हणून मराठीत घरोघरी नेली आहे. घटना आणि भावना यांच्यामध्ये आपला एक समज बसलेला असतो, तो तपासायचा. कॉलवर चूक माझ्या नावावर आली, ही घटना. ‘सगळ्यांसमोर माझी लायकी काढली, आता संपलं’, हा माझा समज. खरं तर एका मेलने दुरुस्त होणारी ती गोष्ट होती, आणि पुढच्या वेळी मी तो मेल पाठवलाही.

पण घरमालकाचं काय? मी समुपदेशकांना स्पष्ट विचारलं, ‘हाही माझाच समज आहे का?’ त्या म्हणाल्या, नाही, तो अन्याय आहे आणि त्याचा राग येणं योग्य आहे. मग त्यांनी एवढंच विचारलं, ‘पण तो राग तुम्ही कुणाच्या पत्त्यावर पाठवला?’

माझ्या मते सगळा प्रश्न या पत्त्याचा आहे. आपल्या पिढीचा सगळा राग म्हणजे आजार नाही. घर नाकारलं जातं, वस्तीत पाणी येत नाही, गटार तुंबलेलं असतं, आणि वर कुणी आपल्याला ‘शांत राहायला शिका’ म्हणतं, तेव्हा त्या सल्ल्याचाही राग येतो. तो राग श्वास मोजून विझवायचा नाही. श्वास मोजायचा तो डोकं ठिकाणावर आणण्यासाठी, म्हणजे राग योग्य पत्त्यावर पाठवता येईल. दहा रुपयांच्या फीमध्ये माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर देणं अधिकाऱ्याला बंधनकारक आहे. प्रभाग कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोचपावती घेता येते. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत उभं राहून शांत आवाजात प्रश्न विचारता येतो. रात्री दोन तास कमेंटमध्ये भांडण्यापेक्षा एक नीट लिहिलेला अर्ज मला जास्त झोप देतो, हा माझा अनुभव आहे. प्रत्येक अर्जाला न्याय मिळत नाही. पण आपण काहीतरी केलं, आणि ते बरोबर ठिकाणी केलं, याने माणूस आतून सरळ राहतो.

एक गोष्ट आपण पुरुषांनी कबूल करायला हवी. आपल्याला निदान चहाची टपरी आहे, मैदान आहे, मशिदीच्या पायऱ्या आहेत. आपल्या बहिणी, बायका, आया कुठे जातात? बऱ्याच ठिकाणी मैदानही नाही आणि मशिदीत जागाही नाही. त्यांचा राग डोकेदुखी आणि पाठदुखी होऊन दवाखान्यात जातो. माझी बायको आता रविवारी सकाळी दोन तास मैत्रिणींबरोबर फिरायला जाते आणि मी मुलाला सांभाळतो. यात मी मोठं काही केलेलं नाही. हे फार आधी व्हायला हवं होतं.

आपल्या जमातींनी, मंडळांनी, मशीद कमिट्यांनीही यावर विचार करावा. आपण करिअर मार्गदर्शन शिबिरं घेतो, रक्तदान घेतो. महिन्यातून एक संध्याकाळ तरुणांनी नुसतं बसून बोलावं, एखादा समुपदेशक बोलवावा, स्त्रियांसाठी वेगळी वेळ ठेवावी, याला फारसा खर्च येत नाही. आणि ज्यांना कुणासमोर बोलायची हिंमत होत नाही, त्यांच्यासाठी ‘टेलिमानस’ ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही. झोप उडाली असेल, हात उचलला जात असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ‘बघू’ म्हणू नका. फोन करा. डॉक्टरकडे जाणं म्हणजे ईमान कमजोर असणं नव्हे. दात दुखला की आपण दुवाही करतो आणि डेंटिस्टकडेही जातो.

त्या रिमोटच्या प्रसंगानंतर आठवडाभराने मी मुलाची माफी मागितली. ‘मला राग दुसऱ्याचा आला होता आणि मी ओरडलो तुझ्यावर. ते चुकलं.’ तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, ‘मग आता त्याला सांगा ना.’

त्या घरमालकाला मी एक छोटा, सभ्य मेसेज लिहिला. फ्लॅट का गेला हे मला कळलं आहे, आणि ते योग्य नव्हतं, एवढंच. उत्तर आलं नाही. पण त्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा माझ्याकडे ओरडण्यासारखं काही शिल्लक नव्हतं.