विश्लेषण : भंडारा ‘मध्य प्रदेशा’त कधी होता? नदी, मँगनीज आणि पूर राज्याची सीमा पाळतात का?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५४ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि तीत त्यांचा पराभव झाला, हे अनेकांना माहीत असते. ती निवडणूक मध्य प्रदेश राज्यात झाली होती, हे ऐकल्यावर मात्र खुद्द भंडाऱ्यातली तरुण मंडळीही चमकतात. जिल्ह्याच्या उत्तरेला आज जी राज्यसीमा आहे, ती जेमतेम सात दशकांपूर्वीची. ती रेषा नकाशावर साधी दिसते. जमिनीखाली, नदीपात्रात आणि पावसाळ्यात तिचा अर्थ वेगवेगळा होतो.

घर तेच, राज्ये किती?

१९४५च्या सुमारास तुमसरमध्ये जन्मलेली व्यक्ती घर न बदलता चार नावांच्या राज्यांत राहिली. आधी मध्य प्रांत व वऱ्हाड. १९५० पासून त्याचेच नाव मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्याला जोडले गेले, त्यांत भंडारा होता. १ मे १९६० पासून महाराष्ट्र. पुढे १ मे १९९९ रोजी याच जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला, म्हणजे तिकडच्या लोकांचा जिल्हाही बदलला.

सीमेपलीकडच्या बालाघाटची गोष्ट उलट आहे. तिथले लोक मध्य प्रदेशातच राहिले, पण त्यांची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. बालाघाट जिल्हा मुळात १८६७ पासून भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून तयार करण्यात आला. म्हणजे आजच्या ‘परराज्या’चा एक तुकडा एकेकाळी भंडाऱ्याचाच होता. पोवारी बोली दोन्हीकडे ऐकू येते. सोयरिकींनाही ही रेषा फारशी आडवी येत नाही.

जमिनीखाली सीमा असते का?

मँगनीजच्या थरांना तरी नसते. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या तीन जिल्ह्यांतून हा पट्टा सलग जातो. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग या खाणी महाराष्ट्रात आहेत, तर तिरोडी, उकवा आणि भरवेली मध्य प्रदेशात. १८९६ पासून या पट्ट्यात ब्रिटिश कंपनीचे खाणकाम सुरू झाले, तेव्हा हा सगळा मुलूख एकाच प्रांतात होता. १९६२ मध्ये ‘मॉयल’ स्थापन झाली तोवर मधून राज्यसीमा गेली होती. त्या वेळी काढलेली वाट व्यवहारी होती: ५१ टक्के भागभांडवल केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या तिघांकडे, तर ४९ टक्के जुन्या कंपनीकडे. दोन्ही राज्ये एकाच कंपनीची भागीदार झाली. कंपनीचे मुख्यालय आजही नागपुरात आहे.

नदीच सीमा असेल तर धरण कोणाचे?

बावनथडी नदी सिवनी जिल्ह्यात उगम पावते, काही अंतर बालाघाट आणि भंडारा यांची सीमा बनून वाहते आणि वैनगंगेला मिळते. तिच्यावरचा बावनथडी प्रकल्प, म्हणजेच राजीव सागर, दोन्ही राज्यांचा संयुक्त प्रकल्प आहे. भंडाऱ्याच्या बाजूने सितेकसा हे गाव त्याच्या ओळखीचे. पाणी दोन्हीकडच्या शेतीला मिळते. (जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पवनी तालुक्यात गोसीखुर्द आहे, त्याचे अधिकृत नाव इंदिरा सागर. याच नावाचे मोठे धरण मध्य प्रदेशात नर्मदेवर आहे. शोध घेताना गोंधळ ठरलेला.)

नदीला सीमा मानणे सोयीचे वाटते, पण नदी पात्र बदलते. रिओ ग्रांदे सरकल्याने अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात एल पासोजवळच्या जमिनीवरून सुमारे शंभर वर्षे वाद चालला. तो १९६३च्या कराराने मिटला. भारत-बांगलादेश सीमेवर तर २०१५ पर्यंत बांगलादेशात भारताचे १११ आणि भारतात बांगलादेशाचे ५१ भूभाग बेटांसारखे अडकले होते. त्यांतल्या दहला खगराबाडीत भारताचा तुकडा बांगलादेशी तुकड्यात, तो भारतीय तुकड्यात आणि तो पुन्हा बांगलादेशात होता. ऐकायला गंमत वाटते. तिथल्या रहिवाशांना मात्र वीज, शाळा, दवाखाना यांसाठी परदेश ओलांडावा लागे.

मग भंडाऱ्याला सीमा जाणवते कधी?

पुराच्या वेळी. वैनगंगा सिवनी जिल्ह्यातून निघते. तिच्यावरचे संजय सरोवर, म्हणजे भीमगड धरण, मध्य प्रदेशात आहे. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस तिकडे अतिवृष्टी झाली, धरणांतून पाणी सोडले गेले आणि भंडारा शहरासह नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडल्यावर तोच लोंढा ब्रह्मपुरी आणि वडसा परिसरात पोहोचला. वरून सोडलेल्या पाण्याची सूचना वेळेत मिळाली का, यावरून नंतर बराच वाद झाला.

खरा प्रश्न इथेच आहे. खनिजाचा वाटा ठरला, सिंचनाच्या पाण्याचा वाटा ठरला. गोदावरी खोऱ्यातील पाणीवाटपावर लवादाचा निवाडा १९८० मध्येच आला. वाटपाचा हिशेब वर्षाचा असतो, पुराचा तासांचा. धरणाचा दरवाजा उघडल्यापासून पाणी खालच्या गावात पोहोचेपर्यंत जो वेळ मिळतो, तेवढ्यात जनावरे सोडायची, धान्य हलवायचे, म्हातारी माणसे उंचावर न्यायची. निरोप उशिरा आला तर हाच वेळ वाया जातो. अशा वेळी विसर्गाचा आकडा दोन सरकारांतला पत्रव्यवहार न राहता थेट नदीकाठच्या ग्रामपंचायतीच्या भोंग्यापर्यंत गेला पाहिजे.

देशादेशांत हे आणखी अवघड. ब्रह्मपुत्रेच्या पुराची आकडेवारी देण्याचा करार भारत आणि चीन यांनी २००२ मध्ये केला. २०१७ मध्ये डोकलामचा तणाव असताना ती भारताला मिळाली नाही. मोजमाप केंद्राचे काम सुरू असल्याचे कारण चीनने दिले. भंडारा आणि सिवनी एकाच देशात आहेत, एकाच संसदेखाली आहेत. त्यामुळे इथे तशी सबब चालण्यासारखी नाही.

आणि महाराष्ट्र नेहमी खालच्या अंगालाच असतो असेही नाही. भंडाऱ्यातून पुढे गेलेली वैनगंगा वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते. ही प्राणहिता महाराष्ट्र आणि तेलंगणाची सीमा आहे. गोसीखुर्दचे दरवाजे उघडले की आधी गडचिरोलीची आणि मग तिकडची गावे नदीकडे बघत बसतात. त्यांच्या लेखी वरचे राज्य महाराष्ट्र असते.