वाळीत टाकायचंच तर बुटांना टाका!

अमेरिकेतल्या आपल्या देशी मंडळींचा एक लाडका गैरसमज आज जरा धोपटून काढायचाय. पॉयझन आयव्हीचं पुरळ म्हणे एकाचं दुसऱ्याला होतं. नाही हो होत! फोड फुटला आणि त्यातल्या पाण्याला तुमचा हात लागला, तरी होत नाही.

कारण अगदी साधं आहे. हा जंतूंचा रोग नाहीच. त्या वेलीच्या पानांत, देठांत, मुळांत उरुशिऑल नावाचं तेल असतं. ते कातडीला लागलं की आपलीच प्रतिकारशक्ती बिथरते. मग साधारण १२ ते ४८ तासांत खाज, लाली, फोड. आयुष्यात पहिल्यांदाच लागलं असेल तर दोन-तीन आठवडेही जातात. फोडातलं पाणी आपल्याच शरीराचं, त्यात तेल नसतं. लागण होणार कसली, कप्पाळ?

"पण काल हातावर होतं, आज पोटावर आलं. पसरतंय ना?" नाही राव. जिथे तेल जास्त लागलं, कातडी पातळ, तिथे आधी उठतं. बाकीचं मागून येतं.

"पण मग त्याच्या रूममेटला कसं झालं?" हा मात्र लाखमोलाचा प्रश्न. न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या चौघांच्या घरातली गोष्ट. एक जण डेलावेअर वॉटर गॅपला ट्रेक करून आला आणि दोन दिवसांनी अंगभर फुलला. बाकीच्यांनी त्याचं ताट वेगळं केलं, सोफा बंद केला, कारपूलमधून नाव कापलं. त्याचे बूट आणि सॅक मात्र दारातच, न धुता! दुसऱ्याने वाट मोकळी करायला तेच उचलले, आणि दोन दिवसांत तोही खाजवायला लागला. झालं, "बघा, संसर्गजन्य!" अरे, तेल बुटांवर होतं रे! ते कपड्यांवर, अवजारांवर, कुत्र्याच्या केसांवर बसतं आणि न धुतल्यास वर्षानुवर्षं टिकू शकतं. एकाच खराब पेन ड्राइव्हने दोन मशीन बिघडल्या, तर पहिल्या मशीनला शिव्या घालून काय उपयोग?

खरं तर हे आपल्याला कुणी शिकवायची गरजच नको. आपला बिब्बा याच कुळातला, आंबा आणि काजूही. आंब्याचा चीक ओठांना लागून तोंड उठलेलं पोर कुणाच्या घरी नसतं? बिब्बा उतलेल्या माणसाचं ताट आजीने कधी वेगळं केलं होतं का? मग विमानात बसल्यावर ही अक्कल कुठे गळून पडते?

अशा वेळी त्या बिचाऱ्याला रात्र-रात्र झोप नसते. पुरळ एक ते तीन आठवड्यांत जातं, पण स्वतःच्या घरात अस्पृश्य झाल्याचं कोण विसरतं हो?

तेव्हा तेल लागलंय असं कळलं की लगेच साबण आणि भरपूर गार पाण्याने धुवा. हातमोजे घालून कपडे वेगळे धुवा. बूट, सॅक, ट्रेकची काठी पुसून काढा. वेल उपटली तर जाळू नका, तो धूर फुप्फुसांत गेला तर प्रकरण गंभीर होतं. पुरळ डोळ्यांपाशी आलं, अंगभर पसरलं किंवा श्वासाला त्रास झाला, तर सरळ डॉक्टर गाठा.

आणि हो, त्याला सोफ्यावर बसू द्या. मैत्रीत बिब्बा घालायला दुसरी कारणं पुष्कळ मिळतील.