पोटदुखीची ‘नाटकं’



शाळेच्या वेळीच पोट दुखणाऱ्या मुलांना ‘दोन धपाटे द्या, नाटकं बंद होतील’ असा सल्ला याच सदरातल्या एका पत्रात वाचला. गेल्या वर्षी हा उपाय आमच्या घरी करून झालाय, म्हणून लिहिते.

मुलगा पहिलीत. बूट घालायला बसला की पोट धरायचा. कॉलर चावून चावून ओली झालेली. रविवारी मात्र ठणठणीत. सासूबाईंनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली, मी ओवा दिला, शेवटी धपाटाही दिला. त्याने रडणं तेवढं वाढलं. मग हरून त्याला घरी ठेवायला लागले. दहा मिनिटांत दुखणं गायब, दुसऱ्या दिवशी दुप्पट.

पोट खरंच दुखतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मूल घाबरलं की शरीर पळायच्या तयारीला लागतं आणि पचन बिघडतं. मारून भीती वाढते हे पटलं. लाडाने घरी ठेवूनही ती वाढते, हे पचायला जड गेलं. ‘टाळलं की सुटलो’ एवढंच पोर शिकतं. मग पायऱ्या ठरल्या: आधी नुसतं फाटकापर्यंत, मग प्रार्थनेपर्यंत, मग मधल्या सुट्टीपर्यंत. ‘काही होत नाही रे’ हे माझं पालुपद बंद. ‘भीती वाटतेय ना? वाटू दे, चल, फाटकापर्यंत जाऊ’ हे सुरू. गोळी एकही नाही. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांच्या २०२०च्या चाचणीत तर एका गटात उपचाराला फक्त पालकांना बसवलं होतं. मुलांवर थेट उपचार करण्याइतकाच गुण आला. (म्हणजे शिकायचं होतं ते मलाच.)

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शाळेत मारायला आणि मानसिक छळाला बंदी आहे. पण घाबरलेल्या मुलाचं करायचं काय, हे बाईंना कुणी शिकवलेलं नसतं. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा वर्षांखालची मुलं धरलीच नव्हती. मग पहिलीतल्यांची दखल कोण घेणार? सरकारची टेलिमानस सेवा (१४४१६) फुकट आहे, पण पालकसभेत तिचं नाव मी एकदाही ऐकलं नाही.

माझी मागणी साधी आहे. अशा मुलाला काही आठवडे अर्धा वेळ बसू देण्याचा अधिकार वर्गशिक्षिकेला असावा. आमच्या शाळेने ‘नियमात बसत नाही’ म्हणून महिनाभर अडवलं. डॉक्टरांची चिठ्ठी नेल्यावर तोच नियम पाच मिनिटांत वाकला.

– एक आई, सांगली