धोका तपासण्याचा खर्च कोणी करायचा?

पांढऱ्या सोन्याचा जिल्हा ही यवतमाळची जुनी ओळख. २०१७ च्या पावसाळ्यात मात्र हा जिल्हा देशभर गाजला तो निराळ्याच कारणाने. कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्याच हंगामात शेंदरी बोंडअळीने विदर्भातली बोंडे पोखरली. माणसे मारली ती औषधांनी, बियाण्याने नव्हे, हे खरे. परंतु बोंडअळी आणि फवारणी या दोन्ही चिंता मिटवण्याचे आश्वासन देऊन आलेले बी.टी. बियाणेच या शिवारात पेरलेले होते, हेही तितकेच खरे.

हे आकस्मिक घडले काय? मुळीच नाही. केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मंजुरी समितीने मार्च २००२ मध्ये बी.टी. कपाशीला परवानगी दिली, तेव्हाच अळी या विषाला सरावेल ही भीती गृहीत धरली होती. म्हणूनच शेताभोवती बिगर बी.टी. कपाशीच्या ओळी लावण्याची अट घातली गेली. त्या ओळींवर वाढलेले पतंग सरावलेल्या पतंगांशी संकर करतील आणि प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागेल, असा हिशेब होता. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी मिळे. पण चार-पाच एकर कोरडवाहू जमिनीचा धनी अळीसाठी पीक लावील कशाला? पुड्या बहुधा बांधावरच राहिल्या. ही अट आपल्याकडे पाळली जाईल का, याचा अभ्यास आधी व्हायला हवा होता.

दुसरा प्रश्न संकरित वाणांचा. इतर प्रमुख देशांत बी.टी. जनुक प्रामुख्याने सरळ वाणांत आहे, आपल्याकडे संकरितांत. त्यामुळे एकाच बोंडातली काही सरकी विषारी, तर काही बिनविषारी निघते. अळीला सरावण्याची ही आयतीच शाळा! त्यातच फरदडीमुळे पीक उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत उभे राहते. गुजरातेत शेंदरी बोंडअळी पहिल्या पिढीच्या बियाण्याला दाद देत नाही, हे खुद्द कंपनीने २०१० मध्ये मान्य केले होते. २०१७ येण्यापूर्वी आपल्या हाती सात वर्षे होती.

मुळात आपली व्यवस्था अशी की, ज्याला बियाणे विकायचे त्यानेच त्याच्या सुरक्षिततेची माहिती गोळा करायची आणि तिच्या आधारे सरकारने परवानगी द्यायची. संसदेच्या कृषी स्थायी समितीचे सदस्य २०१२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या भांबराजा आणि मारेगावला येऊन गेले. त्यांच्या ऑगस्टमधल्या अहवालाने या व्यवस्थेवर कठोर टीका केली. परवानगीनंतर वर्षानुवर्षे शिवारात काय घडते, हे पाहण्यासाठी तर हक्काचा पैसाच नाही. जनुकीय पिकांची माहेरघर असलेली अमेरिका पाहा. तिथल्या १९९० च्या कायद्याने कृषी खात्याच्या जैवतंत्रज्ञान संशोधनावरील खर्चाचा किमान एक टक्का धोक्यांच्या अभ्यासासाठी राखून ठेवला आणि २००२ मध्ये तो दोन टक्के केला.

आपल्याकडे पैसा नव्हता असे नाही. २०१६ मध्ये केंद्राने पाकिटामागे ४९ रुपये स्वामित्वशुल्क ठरवले. पुढे ते घटत जाऊन २०२० मध्ये शून्य झाले. देशात वर्षाला चार कोटींच्या घरात पाकिटे खपतात. पाकिटाची कमाल किंमत सरकारच ठरवते; ती न वाढवता कंपन्यांच्या वाट्यातून पाकिटामागे दोन रुपये बाजूला काढले, तर आठ कोटींचा निधी उभा राहील. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ जवळच आहेत. मात्र निधी कंपन्यांच्या आणि परवानगी देणाऱ्यांच्या हाती नसावा, आणि निष्कर्ष हंगाम संपण्याआधी मराठीतून गावात पोहोचावेत.

यावर काहींचा आक्षेप असा की, अशा अभ्यासाने शेतकऱ्याचे तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य अडते. तणनाशक-सहनशील कपाशीला मान्यता नसताना शेतकरी संघटनेने २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात ती जाहीरपणे पेरली, ती याच स्वातंत्र्यासाठी. पण चोरीछुपे विकल्या गेलेल्या या बियाण्याने तणे तणनाशकाला सरावतील का, निंदणाऱ्या बाईची मजुरी किती बुडेल, हे मोजणार कोण? बंदीच्या बाजूचे आणि मोकळिकीच्या बाजूचे, दोघांनाही याच उत्तराची गरज आहे.

बियाण्याला परवानगी कागदावर मिळते. अळी मात्र दरवर्षी आपला जबाब नोंदवते. तो वाचायला सरकारने पगारी माणूस नेमला नाही, तर त्याची किंमत पाठीवर पंप घेतलेला मजूरच मोजत राहील.