थांबलेली पाळी पुन्हा दिसते तेव्हा

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस आमच्या दवाखान्यात एकच मागणी असते. "डॉक्टरीणबाई, पाळी पुढे ढकलायची गोळी द्या हो!" कोणाकडे लक्ष्मीपूजन, कोणाकडे लेकीचा दिवाळसण, कोणाच्या सासूबाईंचे सोवळे अजून कडक. पाळीत विटाळ कसला, असे कितीही सांगितले तरी ही मागणी काही कमी होत नाही आणि मीही आताशा त्यावर व्याख्यान देणे सोडून दिले आहे. पण गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी हीच मागणी घेऊन ज्या बाई आल्या त्यांचे वय होते ५३, आणि माझ्याच कागदावर त्यांची पाळी जाऊन तीन वर्षे झाल्याची नोंद होती.

"अहो, कसली पाळी पुढे ढकलायची?" मी विचारले.

बाई वरमल्या. दीड महिना मधूनमधून डाग दिसत होता. मध्ये तीन-चार दिवस तर चांगले अंगावरून गेले होते. घरात कोणापाशी बोलल्या नव्हत्या. "तुमच्या त्या हार्मोनच्या गोळ्यांनी पाळी परत आली असेल, असं मला वाटलं. जावई यायचेत पहिल्या दिवाळीला. सण पार पडला की मग बघू."

अंगातून वाफा निघणे, घामाने रात्री दोनदा पातळ बदलावे लागणे, झोप उडणे, या त्रासासाठी मी त्यांना दीड वर्षापूर्वी हार्मोन सुरू केले होते. औषधे दाखवा म्हटल्यावर त्यांनी पिशवीतून एकच पाकीट काढले.

"आणि रात्रीची कॅप्सूल?"

"ती झोपेची ना? मला आता झोप छान लागते. चार महिने झाले बंद केली. उगाच सवय कशाला लावून घ्यायची?"

वाचक भगिनींनो, यात बाईंना हसण्यासारखे काही नाही. त्या कॅप्सूलने गुंगी येते हे खरेच आहे, म्हणून तर ती रात्री घ्यायची. मी चिठ्ठीवर फक्त 'झोपताना १' एवढेच लिहिले होते. ती कशासाठी, हे लिहिले नव्हते. चूक माझी होती.

ती कॅप्सूल होती प्रोजेस्टेरोनची. दुसरी गोळी, जी बाई इमानेइतबारे घेत होत्या, ती इस्ट्रोजेनची. वाफा थांबतात त्या इस्ट्रोजेनने. पण तेच इस्ट्रोजेन गर्भाशयाच्या आतले अस्तरही वाढवत राहते. त्या वाढीला आवर घालायचे काम प्रोजेस्टेरोनचे. एकटे इस्ट्रोजेन महिनोन्‌महिने चालू राहिले तर अस्तर माजते, आणि माजलेल्या अस्तरात पुढे कॅन्सरही होऊ शकतो.

हे शहाणपण वैद्यकशास्त्राला फुकट मिळालेले नाही. गाभण घोडीच्या लघवीतून काढलेले 'प्रेमारिन' हे औषध १९४२ साली अमेरिकेत विक्रीला आले. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. रॉबर्ट विल्सन यांनी 'फेमिनाइन फॉरेव्हर' नावाचे पुस्तक लिहून बायकांना चिरतारुण्याची आशा लावली, आणि लाखो बायका गोळ्या घेऊ लागल्या. पुष्कळजणी एकटे इस्ट्रोजेनच घेत. १९७५ च्या डिसेंबरात 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एकाच वेळी दोन लेख आले: अशा बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर कितीतरी पटींनी जास्त दिसत होता. त्यानंतर जोडीला प्रोजेस्टेरोन देण्याची पद्धत रुळली. म्हणून जिची गर्भपिशवी जागेवर आहे तिने दोन्ही घ्यायची. पिशवी काढलेली असेल तर बहुधा एकटे इस्ट्रोजेन पुरते.

आता प्रश्न असा, की हार्मोन घेताना दिसलेला प्रत्येक डाग वाईट का? मुळीच नाही. आपण कोणत्या पद्धतीने औषध घेत आहोत हे आधी माहीत हवे. पाळी पुरती गेलेली नसताना उपचार सुरू झाला असेल, तर बहुतेक वेळा इस्ट्रोजेन रोज आणि प्रोजेस्टेरोन महिन्यातले १२ ते १४ दिवस, असे देतात. ते दिवस संपत आले की पाळीसारखे जाते. हे ठरलेलेच आहे. त्याला घाबरून प्रोजेस्टेरोन तेवढे टाळणे म्हणजे चोर सोडून राखणदाराला हाकलणे होय. पाळी जाऊन वर्ष उलटलेल्या बायकांना दोन्ही औषधे रोज देतात. त्यात पुढे काहीच जाऊ नये अशी योजना असते, पण पहिले तीन ते सहा महिने थोडेफार डाग पुष्कळजणींना दिसतात आणि आपोआप थांबतात. मात्रा बदलली तरी पुन्हा तीनेक महिने असे होऊ शकते.

मात्र सहा महिन्यांनंतरही डाग चालूच राहिले, किंवा कित्येक महिने कोरडे गेल्यावर एकाएकी सुरू झाले, तर दाखवलेच पाहिजे. फार जात असेल, गाठी पडत असतील, किंवा पतिसहवासानंतर रक्त दिसत असेल, तर सहा महिन्यांची वाट पाहत बसू नये. शरीर बरेच स्थूल असणे, मधुमेह, तरुणपणी पी.सी.ओ.एस.चा त्रास झालेला असणे, घरात गर्भाशयाचा किंवा आतड्याचा कॅन्सर झालेला असणे, अशा बायकांनी तर थोडे आधीच यावे. आणि जी कोणतेच हार्मोन घेत नाही, पाळी जाऊन वर्ष झाले आहे, आणि तरीही एक डाग दिसला? तिने त्याच आठवड्यात यावे.

कारण पुष्कळदा साधेच निघते. गोळ्या चुकलेल्या असतात. क्षयावरचे रिफाम्पिसिन, फेफऱ्यावरचे फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू झालेले असते; ही औषधे हार्मोन शरीरातून लवकर उतरवतात, आणि एका डॉक्टरने दिलेले दुसऱ्याला ठाऊक नसते! कधी पिशवीत मांसाचा लहानसा कोंब, म्हणजे पॉलिप, असतो. कधी योनीची त्वचाच कोरडी पडून चिरते. कधी रक्त गर्भाशयातून नव्हे तर त्याच्या मुखातून येत असते, म्हणून सोनोग्राफीआधी मुख डोळ्यांनी तपासून घ्यायचे. गर्भाशयमुखाचा कॅन्सर आपल्या देशातल्या बायकांत अजून दुसऱ्या क्रमांकावर आहे.

सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात. दोन्ही औषधे रोज घेणारीचे अस्तर ४ मिलिमीटरपर्यंत, आणि महिन्यातले काही दिवसच प्रोजेस्टेरोन घेणारीचे ७ मिलिमीटरपर्यंत असले तर बहुधा निर्धास्त राहता येते. त्याहून जाड असेल तर आतला नमुना काढून तपासायला पाठवतात. पूर्वी यासाठी भूल देऊन क्युरेटिंगच करीत. आता पुष्कळदा बारीक नळीने दवाखान्यातच काम भागते, नाहीतर दुर्बिणीतून पाहतात. पाळी गेल्यावर रक्त दिसलेल्या शंभर बायकांतल्या नव्वदांच्या आसपास बायकांना कॅन्सर नसतो. पण ज्यांना अस्तराचा कॅन्सर असतो, त्यांतल्याही शंभरांपैकी सुमारे नव्वदांना आधी रक्तच दिसते. पहिला आकडा धीर देतो, दुसरा घरी बसू देत नाही.

आणि हो, डाग दिसला म्हणून लगेच "पिशवीच काढून टाका" असे कोणी म्हटले, तर तपासाचे कागद मागा. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सहजपणे आणि किती कोवळ्या वयात काढल्या गेल्या, ते आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचलेच आहे.

तर आमच्या बाई. पाळी ढकलायची गोळी मी दिली नाही. ती गोळी म्हणजे नोरेथिस्टेरोन, प्रोजेस्टेरोनच्याच जातीची. तिने रक्त कदाचित थांबलेही असते, बाईंनी निःश्वास टाकला असता आणि तपास पुढच्या संक्रांतीवर गेला असता. वसुबारसेला सोनोग्राफी झाली: अस्तर १२ मिलिमीटर. नमुना भाऊबीजेनंतर घेतला. ते आठ दिवस बाईंनी चकल्या तळत कसे काढले, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. जावयाला मात्र काही कळू दिले नाही.

अहवाल आला. अस्तर माजलेले होते, पण पेशी बिघडलेल्या नव्हत्या. अशा अस्तराचा कॅन्सर होण्याचा संभव वीस वर्षांत शंभरात पाचांहून कमी असतो, आणि उपचाराने ते बहुधा पूर्ववत होते. इस्ट्रोजेन थांबवले आणि लिव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारे लहानसे साधन पिशवीत बसवायचे ठरवले. "या वयात तांबी?" म्हणून बाई एवढ्या मोठ्याने हसल्या, की बाहेर बसलेल्या बायका आत डोकावल्या. त्यात तांबे नसते, ते प्रोजेस्टेरोनचेच काम जागच्या जागी करते, हे समजावून सांगावे लागले.

सहा महिन्यांनी, वैशाखात, घेतलेला नमुना स्वच्छ निघाला. वाफांचा त्रास पुन्हा सुरू झाला होता, म्हणून इस्ट्रोजेन आता जेलच्या रूपात, थोड्या मात्रेत दिले आहे. चिठ्ठीवर प्रत्येक औषधापुढे ते कशासाठी हे मी लिहिते. बाईंनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयला दोरीने पेन्सिल बांधली आहे, आणि डाग दिसला की त्या तारखेला फुली करतात. श्रावणापासून एकही फुली नाही. सुनेने विचारले तेव्हा तिलाही सगळे सांगितले.

दुसरा नमुना घ्यायची वेळ आता आली आहे. त्यासाठी भाऊबीजेनंतरचा सोमवार त्यांनीच ठरवला. या खेपेस सण पार पडेपर्यंत थांबायला माझी हरकत नाही.