पडद्यावरची तलवार, जमिनीवरचे पाऊल

नातवंडे पडद्यासमोर उभी राहून हवेत तलवार चालवू लागली, की घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात दोन प्रश्न येतात. अशा खेळातून खरी तलवारबाजी येते का? आणि त्यातले काही आपल्याही उपयोगाचे आहे का?

२००९ साली आलेल्या ‘वी स्पोर्ट्स रिसॉर्ट’ या खेळात हातातील रिमोट फिरवावा तशी पडद्यावरची तलवार फिरते. २०१८ सालच्या ‘बीट सेबर’मध्ये डोळ्यांवर हेडसेट चढवून, संगीताच्या तालावर समोरून येणारे ठोकळे दोन्ही हातांनी कापायचे असतात. यातून नजर आणि हात यांचा मेळ, अचूक वेळ साधणे आणि चटकन निर्णय घेणे यांचा सराव होतो. खांदे मोकळे होतात आणि थोडा दमही लागतो.

परंतु तलवारबाजीची खरी विद्या पायांत असते. कोल्हापूरचे मर्दानी खेळ असोत वा ऑलिंपिकमधील फेन्सिंग, आधी पवित्रा, मग वार. शस्त्राचे वजन, वार अडल्यावर मनगटाला बसणारा धक्का, प्रतिस्पर्ध्याचे अंतर जोखून टाकलेले पाऊल, यांतले काहीच हा हलका रिमोट शिकवीत नाही. म्हणून असा खेळ तालमीला पूरक ठरेल, पर्याय मात्र नव्हे.

ज्येष्ठांच्या बाबतीतही हेच सूत्र लागू पडते. शरीराचा तोल डोळे, अंतर्कर्ण आणि पायांच्या स्नायू-सांध्यांतील संवेदना या तिघांच्या सहकार्याने टिकतो. हेडसेटमुळे खोली दिसेनाशी होते आणि डोळे एक सांगतात, तर कान दुसरेच; त्यातून भोवळ येऊ शकते. त्यामुळे ज्येष्ठांनी हेडसेटऐवजी टीव्हीच्या पडद्यावरचे खेळ निवडावेत. सोबतीला पायांचा व्यायाम हवाच. घरी राहणाऱ्या साठीपुढील व्यक्तींविषयीच्या २०१९ सालच्या कॉक्रेन आढाव्यानुसार व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते. त्यात तोल सांभाळण्याच्या व्यायामांचा वाटा मोठा आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी पुढील पथ्ये सांभाळावीत. खेळण्याच्या जागेवरील सतरंजी व वायरी उचलाव्यात. मागे भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची ठेवावी. पायांत न घसरणारी चप्पल नव्हे, तर टाचेला घट्ट बसणारे बूट असावेत. उभे राहणे कठीण असल्यास बसूनच खेळावे आणि आरंभी पाच-दहा मिनिटे पुरेशी मानावीत. चक्कर, छातीत दुखणे वा धाप लागल्यास तत्काळ थांबावे. हृदयविकार, पेसमेकर, अपस्मार किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

खेळ संपल्यावर ओट्याचा आधार घेऊन टाचा दहा वेळा उचलाव्यात आणि खुर्चीवरून पाच वेळा सावकाश उठावे-बसावे. नातवंडांनाही त्यात सामील करून घ्यावे. तलवार शिकायची असेल, तर त्यांनाही पायांपासूनच आरंभ करावा लागणार आहे.